मल्टिप्लायर 7.2

आमचं काम ऐकायला लय भारी वाटतं, सिनेमा लागायच्या आधी तो पहिल्या विकेंडला किती करेल ते सांगायचं, पण खरं तर दिवसभर एक्सेल आणि थिएटरचे सीट मॅप. माझ्याकडे सुपरहिरो पिक्चर असतात, म्हणजे त्यांचे आकडे, पिक्चर बघायला वेळ कुठे मिळतो.

तर ऑक्टोबर 2024. 'जोकर'चा दुसरा भाग 4 तारखेच्या शुक्रवारी लागणार होता. (जोकर सुपरहिरो कसा हा वाद ऑफिसात दर वेळी होतो. आमच्या शीटमध्ये टॅग 'कॉमिकबुक' आहे, विषय संपला.) 2019 च्या पहिल्या भागाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत 96 मिलियन डॉलर केलेले आणि जगभरात बिलियन पार, त्यामुळे तीन-चार आठवडे आधी सगळीकडे 70 मिलियनच्या आसपासचा अंदाज चालू होता आणि आमचं मॉडेलपण तिथेच येऊन बसलेलं. बसणारच, कारण त्यात सगळ्यात जास्त वजन आधीच्या भागाच्या ओपनिंगला, म्हणजे पहिल्या विकेंडच्या कमाईला. बापाची इस्टेट पोराला मिळणारच, असा हिशोब.

मला शंका नव्हती असं नाही. सुपरहिरो पिक्चरचं बुकिंग उघडलं की पहिल्या दिवशी उसळी, मग मधे सगळं सपाट आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत परत चढ, हा नेहमीचा आकार. ह्याच्यात शेवटची चढणच येईना. बुधवारी रात्री मी एका शोचा सीट मॅप उघडून हाताने मोजत बसलो, मधल्या दोन ओळी भरलेल्या, बाकी सगळं मोकळं, तीन तासांनी परत बघितलं तर दोन सीट वाढलेल्या. दोन! पण एका शोवरून मॉडेल कसं हलवणार म्हणून गप्प बसलो, ही चूक माझीच.

गुरुवारच्या प्रीव्ह्यूचा, म्हणजे रिलीजच्या आदल्या दिवशीच्या शोंचा, आकडा आला 7 मिलियन. पहिल्या भागाचे प्रीव्ह्यू 13.3 होते आणि ओपनिंग 96.2, म्हणजे मल्टिप्लायर (ओपनिंग भागिले प्रीव्ह्यू) 7.2. सेल खाली ओढला, उत्तर 50. ताईंना दाखवलं (लीडला सगळे ताईच म्हणतो).

"अरे, गुरुवारी येतात ते फॅन. शनिवारी कोण येणारे ते सांग."

"पहिल्या भागाला पण फॅनच आले होते की ताई."

"तेव्हा कुठले फॅन, तेव्हा लोकांना उत्सुकता होती. आता ती राहिलीये का?"

मी म्हणलं बघू, आणि 50 पाठवून दिला.

मग आला सिनेमास्कोर. पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांना कार्ड देऊन ग्रेड विचारतात तो. ह्या जॉनरला साधारण ए नाहीतर बी मिळतो, पहिल्या जोकरला बी प्लस होता. ह्याला डी. मी आधी समजलो टायपो आहे, दोन ठिकाणी चेक केलं, डीच. ट्रेलर बघून आलेल्या माणसाला आत गेल्यावर गाणी आणि कोर्टरूम मिळाली, तो बाहेर येऊन मित्राला काय सांगणार. शनिवार तिथेच गेला. रविवारी 40 मिलियनचा अंदाज जाहीर झाला आणि सोमवारी पक्का आकडा त्याच्याही खाली, 37.7. मल्टिप्लायर काढला तर साडेपाचच्या आतच.

आता खरी पंचाईत दुसऱ्या आठवड्याची होती, कारण क्लायंटला स्क्रीन किती ठेवायच्या ते आमच्या आकड्यावरून ठरवायचं होतं. ह्या वेळी मी सीट मॅप बघितले, ताईंना विचारलं, अगदी वाईटात वाईट धरलं आणि 70 टक्के ड्रॉप टाकला, म्हणजे पहिल्या विकेंडपेक्षा कमाई तेवढी पडणार. ताई म्हणल्या अजून खाली जा. मी 75 केलं आणि स्वतःवरच खूश झालो.

पुढच्या सोमवारी खरा आकडा भरायला बसलो. 81 टाइप केलं, एंटर मारला, आणि शीटने एरर दिला, 'व्हॅल्यू चालणार नाही'. परत टाकलं, परत तेच. मग आठवलं, वर्षभरापूर्वी 'द मार्व्हल्स' दुसऱ्या विकेंडला 78 टक्के पडला होता तेव्हा मीच त्या कॉलमला 80 ची लिमिट लावून ठेवलेली, ह्याच्या वर काय जाणारे म्हणून. ताई मागे उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं हसल्या.