सगळं बरोबर, व्होल्टेज तेवढं तिसरा हिस्सा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. पंखे, पाण्याचे पंप, कधीमधी एखादी मोठी मोटर. मुरबाडकडचे एक निवृत्त शिक्षक 24 निओडिमियम मॅग्नेट, म्हणजे फार जोरदार लोहचुंबक, घेऊन आले आणि "जनरेटर बांधून द्याल का?" म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांना पेटी बंद करायला लावली. बाजूच्या गाळ्यात लेथ आहे, लोखंडाचा बुरादा सगळीकडे उडालेला असतो, तो मॅग्नेटला चिकटून बसला असता.

त्यांच्या शेतालगत ओढा. पाणचक्की सुताराने करून दिलेली, पट्टा लावून ती मिनिटाला 120 फेरे देणार. त्यावर 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करायची होती. गाडीचा अल्टरनेटर एवढ्या संथ गतीला उठतच नाही.

दोन फिरत्या तबकड्या, प्रत्येकीवर 12 मॅग्नेट, मधे स्थिर 9 कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी. तबकडीवर एकाआड एक उत्तर-दक्षिण असे 12 पोल, 120 फेऱ्यांना वीज सेकंदाला 12 वेळा उलटसुलट होणार, म्हणजे 12 हर्ट्झ. एका वेढ्याला जेमतेम 0.04 व्होल्ट मिळतात, म्हणून कॉइलला 60 वेढे धरले. तीन कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडल्या की एक फेज; अशा तीन फेजचं एकेक टोक एकत्र बांधून स्टार, पुढे बॅटरीसाठी एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर. 17 गेजची (गेजचा आकडा वाढला की तार बारीक) एकच तार वळवली की कॉइल कोपऱ्यावर फुगते, म्हणून 19 गेजच्या दोन तारी जोडीने घेतल्या. इथे जाडीला फार महत्त्व. कॉइल 12 मिलिमीटरच्या वर गेली, तर तबकड्या लांब ठेवाव्या लागतात आणि मॅग्नेटचा जोर तिथेच मरतो. प्लायवूडच्या फर्म्यावर नऊ कॉइल गुंडाळायला मला नि पोराला दीड दिवस गेला. साधारण दोन किलो तांबं.

कॉइल कायमच्या पक्क्या करणारं रेझिन ओतण्याआधी तबकड्या लेथवर फिरवून बघू, असं सरांनीच सुचवलं. मला तेव्हा तो वेळखाऊपणा वाटला होता.

लेथ 120 वर ठेवला. फेजला मीटर लावला, 2.2 व्होल्ट. यायला हवे होते 6.6 च्या आसपास. दुसरी फेज 2.2, तिसरीही 2.2. आकडा जरा नाचत होता, पण तिन्ही अगदी सारख्या. एक फेज कमी आली असती तर चूक कुठे ते लगेच कळलं असतं. रेझिस्टन्सही तिन्हींचा अर्ध्या ओहमच्या आसपास, हिशेबाबरहुकूम. मग मी मॅग्नेटवर घसरलो. "सर, माल हलका मिळाला बघा." सर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसला. गॅप कमी करून पाहिला, पदरात पडले 0.2 व्होल्ट आणि चिमटलेलं बोट.

तेवढ्यात पोराने मीटरचा प्रोब फेजच्या टोकाऐवजी मधल्या जोडावर टेकवला.

"अरे, ती एकच कॉइल धरलीस!"

"पण इथेपण 2.2 च येतंय, दादा."

एक कॉइल 2.2 आणि तीन मिळूनही 2.2. म्हणजे दोन पुढे ढकलतायत आणि एक मागे ओढतेय. चूक माझीच. पंख्यात शेजारच्या कॉइली उलटसुलट जोडायच्या असतात, आतलं टोक आतल्याला, बाहेरचं बाहेरच्याला, तेव्हाच एकाआड एक पोल होतात. पंचवीस वर्षं हात तेच करतोय. या जनरेटरमध्ये मात्र पहिल्या कॉइलपासून चौथी बरोबर चार मॅग्नेट पुढे, म्हणजे तिच्यासमोरही त्याच क्षणी तसाच पोल. इथे बाहेरचं टोक पुढच्या कॉइलच्या आतल्याला जायला हवं. मी तिन्ही फेजमध्ये मधली कॉइल इमानेइतबारे उलटी जोडली होती, म्हणून तर तिन्ही आकडे सारखे. आणि तार कुठूनही मोजा, रेझिस्टन्स तोच दाखवणार.

सरांना म्हटलं, "मॅग्नेटचं बोललो ते मागे घेतो."

"शाळेत आम्ही याला उजळणी म्हणायचो," ते म्हणाले.

सहा जोड सोडवले, त्यांवरच्या स्लीव्ह कापल्या, ब्लेडने तारेवरचं इनॅमल पुन्हा खरवडून सोल्डर केलं. परत लेथ. फेजला 6.7, दोन फेजमध्ये 11.6. रेक्टिफायरच्या पुढे 14 च्या थोडं वर.

एवढ्यात साडेआठ झाले होते. रेझिन सुकायला रात्र जाणार, त्यामुळे सर लोकलने कल्याणला आणि तिथून एसटीने घरी निघाले. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून चिठ्ठी मागितली आणि फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं: "सर्व कॉइल एकाच दिशेने. बाहेरचे टोक पुढच्याच्या आतल्याला." ती चिठ्ठी वरच्या थरात ठेवून मी रेझिन ओतलं.