भाकरी निवेपर्यंत

आमच्या घरी जेवायला बसण्याची वेळ आणि जेवायला लागण्याची वेळ कधीही एक नसे. या दोहोंच्या मध्ये आजीची प्रार्थना होती. नगर जिल्ह्यात, राहुरीजवळच्या आमच्या गावी, सुट्टीत आम्ही सगळी भावंडे चुलीसमोर ओळीने बसत असू. आजी काठवटीतल्या शेवटच्या उंड्याची भाकरी थापून तव्यावर टाकी, हात पदराला पुशी आणि डोळे मिटून "हे दयाळू बापा" अशी सुरुवात करी. प्रार्थनेची सुरुवात ठरलेली होती. शेवट मात्र सर्वस्वी त्या दिवसावर अवलंबून असे. पावसाने ओढ दिलेली असली तर पाऊस, गाय गाभण असली तर गाय, मुंबईला गिरणीत असलेले थोरले काका, शेजारणीचा गुडघा, पाळकसाहेबांची होऊ घातलेली बदली, अशी एकेक गोष्ट ती देवापुढे सावकाश मांडत जाई आणि आम्ही एक डोळा किलकिला करून ताटाकडे पाहत बसत असू. बाजरीची भाकरी विस्तवाशी उभी केली की टम्म फुगते, आणि तिचा पापुद्रा फोडला की आतून वाफेचा असा भपकारा येतो की नाक आपोआप पुढे जाते. आजी "येशूच्या नावाने मागते" या शब्दांपर्यंत पोहोचेतो तो पापुद्रा खाली बसलेला असे आणि ठेच्याभोवतीचे तेल ताटात आपली वाट काढून मोकळे झालेले असे.

माझ्या धाकट्या भावाने एकदा धीर करून विचारले, की गरमगरम खाऊन घेतले आणि मग प्रार्थना केली तर देवाला चालणार नाही का? आजी रागावली नाही. तिने त्याच्या ताटात आणखी एक चतकोर टाकला आणि म्हणाली, "प्वाट भरल्यावर कोन उपकार मानतंय रं?"

हे वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेले होते. पुढे पुण्यात अनेक सभा-समारंभांना बसल्यावर त्याची आठवण वारंवार येऊ लागली. मराठी माणसाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन नेहमी सर्वांत शेवटी असते. त्याचे काम ज्याला दुसरे काही जमत नाही त्याच्याकडे दिलेले असते, आणि तो बिचारा कागदावरून नावे वाचत असताना निम्मे सभागृह चपला शोधत असते. आजीने हा क्रम उलटा करून ठेवला होता. तिच्याकडे आभारप्रदर्शन आधी आणि कार्यक्रम नंतर. योगायोग असा, की ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने फिलिप्पै येथील मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रात चिंता सोडून आपले मागणे देवाला कळवण्याविषयी सांगितले आहे, तिथे मराठी बायबलात नेमका 'आभारप्रदर्शनासह' हाच सभेतला भारदस्त शब्द आहे. मागणे अजून पुरे व्हायचे असते आणि आभार सोबतच गेलेले असतात. त्याच्या दोनच ओळी आधी 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे सुप्रसिद्ध वाक्य येते, आणि हे पत्र पौलाने कैदेतून लिहिलेले आहे.

मूळ ग्रीक भाषेत याची एक गंमत दडलेली आहे, ती मला बऱ्याच उशिरा कळली. आनंदाला त्या भाषेत 'खारा' म्हणतात, कृपेला 'खारिस' आणि उपकारस्तुतीला 'युखारिस्तिया'. 'खारा' हा आनंद मराठी कानाला भलताच लागतो हे खरे, पण तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत, हे महत्त्वाचे. म्हणजे आनंद, कृपा आणि आभार हे त्या भाषेत सख्खे नातलग आहेत, एका घरात राहणारे. आजीला ग्रीक येण्याचा प्रश्नच नव्हता. तिचे शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत झालेले होते आणि ती बायबल ओळीखाली बोट ठेवून वाचत असे. तरीही या तिघांना एका पंगतीला बसवण्याचे काम ती दिवसातून दोनदा करीत होती.

तिला सर्वांत आवडत असे ती येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना, आणि त्यातही 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ. ज्या कोणी मराठीत भाषांतर करताना इथे 'भाकर' हा शब्द घातला, त्या माणसाचे माझ्यावर व्यक्तिशः उपकार आहेत. पॅलेस्टाईनमध्ये भट्टीत भाजलेली रोटी असणार, पाव असणार. त्याला 'अन्न' असे मोघम म्हणून मोकळे होता आले असते. पण आमच्या बायबलात पाच हजारांना जेवू घालणारा येशू पाच भाकरी आणि दोन मासे हाती घेतो, आणि 'मी जीवनाची भाकर आहे' असे म्हणतो. नगरी मुलाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याने काठवटीत पीठ मळताना पाहिलेले असते, भाकरी थापण्याचा आवाज दोन घरे पलीकडे जातो हे त्याला ठाऊक असते, आणि भाकरी नसली तर घराचे काय होते हेही त्याने मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच 'भाकरीचे घर' असा सांगतात. हे मी आजीला सांगितले तेव्हा तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही. "मंग, दुसरीकडं कुठं जन्मंल त्यो?" असे म्हणून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

या ओळीतला 'रोजची' हा शब्द मात्र विद्वानांना अजूनही पुरता उलगडलेला नाही. मूळ ग्रीक शब्द इतका दुर्मीळ आहे, की तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या पंडितालाही तो इतरत्र कुठे आढळला नव्हता आणि शुभवर्तमानकारांनीच, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांनीच, तो घडवला असावा असे त्याला वाटले. कुणी त्याचा अर्थ 'आजच्यापुरती' असा करतात, कुणी 'जगण्याला लागेल तेवढी', तर कुणी 'उद्याची'. मला स्वतःला 'आजच्यापुरती' हा अर्थ पटतो, आणि त्याचे कारण विद्वत्तेचे नाही. चिरंतन आनंदाच्या शोधात आपण निघतो तेव्हा एकदाच काय तो भरपूर साठा मिळावा, वर्षभराचे धान्य कणगीत भरून ठेवावे तसा, अशी आपली अपेक्षा असते. आजीचा आनंद कणगीतला नव्हता. तो रोज ताजा करावा लागे, आणि दुसऱ्या दिवशी तो शिळा होई हे तिला मान्य होते.

१९७२च्या दुष्काळात तर कणगीच रिकामी होती. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण वडील सांगत. गावातल्या इतर बायांबरोबर आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. तिथे सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळे, आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. मिलोची भाकरी थापता थापता चिरे आणि चावता चावता जबडा दुखे. पहिल्या दिवशी ती भाकरी ताटात आली तेव्हा आजोबा म्हणाले, की आज प्रार्थना राहू दे, देवालाच लाज वाटेल. आजीने प्रार्थना केली. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे ती नेहमीपेक्षा आखूड होती, कारण गाय विकलेली होती आणि पावसाबद्दल बोलण्यासारखे काही उरलेले नव्हते. पण 'आमेन' झाल्यावर आजीने पहिला घास चावला, तोंड वेडेवाकडे केले आणि ती स्वतःच खोखो हसत सुटली. मग सगळेच हसले. वडिलांना त्या वर्षातल्या पुष्कळ गोष्टी आठवत नसत, ते हसणे आठवत असे.

हे सारे मी इतक्या प्रेमाने लिहिते आहे, म्हणून माझी स्वतःची प्रार्थना फार चांगली असेल अशी कुणाची समजूत होऊ नये. पुण्यात नोकरीला लागल्यावर कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडल्यावर डोळे मिटण्याची मला कमालीची लाज वाटे. कपाळ दुखते आहे असे दाखवून, दोन बोटांनी भुवया चोळत मी प्रार्थना उरकत असे. समोर बसणाऱ्या, देशपांडे, कुलकर्णी अशा आडनावांच्या मैत्रिणींना हे अर्थातच कळत होते. त्यांच्यापैकी एकीने एके दिवशी मला डोकेदुखीची गोळी देऊ केली आणि मी ती घेतलीदेखील. नंतर तीच म्हणाली, "अगं, आम्ही शाळेत 'वदनी कवळ घेता' म्हणायचो, ते सुटलं बघ. तू म्हणतेस ते जरा मोठ्यानं म्हण, म्हणजे आम्हालापण थांबायला निमित्त." तेव्हापासून आमच्या टेबलावर अर्धे मिनिट कुणी घास उचलत नसे. माझी डोकेदुखीही बरी झाली.

साक्ष देण्याच्या सभांना मी फारशी जात नाही, हेही इथे सांगून टाकावे. तिथे ऐकलेल्या बहुतेक गोष्टींत आजार बरा झालेला असतो, अडलेली नोकरी लागलेली असते, आणि म्हणून आनंद झालेला असतो. त्या गोष्टी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. पण मग ज्यांचा आजार बरा झाला नाही, त्या मागच्या बाकावर बसलेल्या माणसांनी आनंद कुठून आणायचा, याचे उत्तर त्या सभेत मिळत नाही. ते मला एका रुग्णालयाच्या जिन्यापाशी, थोडेसे, मिळाले.

आई अतिदक्षता विभागात होती. आत एका वेळी एकालाच, तेही पाच मिनिटे, सोडत असत. उरलेला सगळा दिवस बाहेरच्या बाकावर काढायचा. शेजारच्या वहिनी पहाटे उठून माझ्यासाठी डबा करून पाठवत. अकराव्या की बाराव्या दिवशी, दुपारी डबा उघडला आणि मला प्रार्थनेचा एकही शब्द सुचेना. मागणे तर इतक्या वेळा मागून झाले होते, की ते पुन्हा मागताना ओशाळल्यासारखे होई. आभार कशाचे मानायचे? समोर पाहिले तर ज्वारीची भाकरी होती, चौघडी घातलेली, तिच्या कडेला वहिनींच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते, आणि एका ठिकाणी घाईत जरा जास्त भाजल्याचा काळा ठिपका होता. मी म्हटले, "दयाळू बापा, या भाकरीबद्दल उपकार." इतकेच. आजीची सुरुवात माझ्या तोंडी कशी आली ते मला सांगता येणार नाही.

पुढे काही चमत्कार घडला नाही. आई त्यातून उठली नाही. पण त्या दुपारी, ती ठशांची भाकरी मोडून खाताना, काळजीच्या अगदी मधोमध, मला एक स्वच्छ, हलका आनंद झाला होता, आणि तो झाल्याबद्दल मी स्वतःवरच चिडले होते, हे मला नीट आठवते. अशा जागी आनंद होणे मला अशोभनीय वाटले. आता तसे वाटत नाही. प्रभूभोजनाच्या वेळी पाळकसाहेब दर महिन्याला जे शब्द वाचतात, ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे: ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले, त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. ते आभार कोणत्या रात्रीचे आहेत, इकडे माझे इतकी वर्षे लक्ष गेले नव्हते. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातही एक असाच प्रसंग आहे. पौल कैदी म्हणून रोमकडे नेला जात असताना वादळ होते, चौदा दिवस जहाजावर कुणी धड जेवलेले नसते. पहाटेच्या सुमारास पौल भाकर हातात घेतो, सर्वांदेखत देवाचे आभार मानतो आणि खाऊ लागतो. तेव्हा इतरांनाही धीर येतो आणि तेही जेवतात. लिहिणाऱ्याने माणसेसुद्धा मोजून ठेवली आहेत, २७६. जहाज पुढे फुटतेच. माणसे मात्र सगळी किनाऱ्याला लागतात.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. गावातल्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला अजूनही लोक बाजरीची कणसे, भोपळे, एखादी पाय बांधलेली कोंबडी असे अर्पण वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. गेल्या खेपेला मी चढाओढीत एक भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला घेतला आणि एसटीत मांडीवर घेऊन पुण्याला आले. कंडक्टरने त्याचेही तिकीट काढू का म्हणून विचारले.

त्या भोपळ्याची भाजी मात्र त्या रात्री झाली नाही, कारण भावाची मुलगी राहायला आलेली होती आणि तिने पिझ्झा मागवला. खोका टेबलावर आला, झाकण उघडले, वाफ वर आली. आम्ही हात जोडले. तिने एक डोळा उघडून मला विचारले, "आत्या, प्रभूच्या प्रार्थनेत तर भाकर म्हटलंय. पिझ्झा चालतो का?" मी म्हटले, चालतो. मग प्रार्थना तिनेच केली. तिने शाळेच्या बसचे काका घेतले, पायाला लागलेले मांजर घेतले, वर्गातली जी मुलगी तिच्याशी बोलत नाही तीही घेतली, पिझ्झा घेऊन आलेल्या दादाच्या भिजलेल्या रेनकोटबद्दल दोन वाक्ये बोलली, आणि ती थांबण्याचे काही चिन्ह दिसेना. माझा एक डोळा केव्हाच उघडलेला होता. चीज हळूहळू घट्ट होत चालले होते.