बेस ऐकू कुठे येतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कार्यक्रम संपला की कुणीतरी स्टेजपाशी येतं आणि विचारतं, "ताई, तुमच्या गिटारला चारच तारा कशा? आणि गाण्यात तुमचा आवाज नेमका कुठला? आम्हाला तर ऐकूच येत नाही." पहिल्याचं उत्तर सोपं आहे: ही बेस गिटार, हिला सहसा चारच तारा असतात. दुसऱ्यासाठी मी एक अल्बम ऐकायला सांगते. न्यूयॉर्कच्या 'शीक' या डिस्को बँडचा 'रिस्के', १९७९ चा.

मात्र मोबाइलवर लावू नका. बेसची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात, इतका तो सूर खालचा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ती पेलत नाहीत. बेस ऐकू न येण्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं. मी त्यांचा तळहात स्पीकरच्या लाकडी खोक्यावर ठेवला आणि या अल्बमचं पहिलं गाणं, 'गुड टाइम्स', लावलं. बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस सुरू झाला. एकाच सुराचे ठाम तीन ठोके, मग क्षणभर काही नाही, मग चालत सुटलेली सुरांची ओळ, आणि फिरून तेच तीन ठोके. दोन-तीन आवर्तनं झाली आणि त्या म्हणाल्या, "अगं, हा तर पोटात लागतो." बरोबर. बेस तिथेच लागतो.

पण मला या गाण्यात सगळ्यांत जास्त भावते ती तीन ठोक्यांनंतरची रिकामी जागा. एडवर्ड्स तिथे सहज काहीतरी भरू शकला असता; हात तेवढा तयार होता त्याचा. त्याने ती सोडली. नाईल रॉजर्सची गिटारही तशीच: उजवा हात अखंड फिरतो, पण डावा हात तारा नुसत्या दाबून लगेच सैल सोडतो, म्हणून सुरापेक्षा 'छक छक'च जास्त ऐकू येते. टोनी थॉम्पसन ड्रम्सवर ठेका एवढाही हलू देत नाही. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, दोनच, आळीपाळीने. आठ मिनिटांच्या या गाण्यात मध्ये एक जागा अशी येते की गायिका, व्हायोलिनं, गिटार सगळं थांबतं. उरतात बेस, ड्रम्स आणि टाळ्या. मग एकेक वाद्य परत येतं. 'तुमचा आवाज कुठला' याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

त्याच वर्षी शुगरहिल गँग या रॅप गटाने हाच बेस वादकांकडून नव्याने वाजवून घेतला आणि त्यावर 'रॅपर्स डिलाइट' उभं केलं. रॅप घरोघरी पोचवणारी रेकॉर्ड ती. मूळ गाणं रचणाऱ्या एडवर्ड्स आणि रॉजर्सची नावं गीतकारांत आली, पण हक्कासाठी भांडल्यावर.

डिस्को म्हणजे उथळ, असंही मला ऐकवतात. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात डिस्कोची रेकॉर्ड आणणाऱ्याला ९८ सेंटात आत सोडलं, आणि दोन सामन्यांच्या मध्ये त्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवून दिला. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को मुळात कृष्णवर्णीयांच्या, लॅटिनोंच्या, समलिंगींच्या क्लबांतून वर आलेलं. तो राग फक्त संगीतावरचा होता, असं मला वाटत नाही. पुढच्याच महिन्यात 'गुड टाइम्स' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण तेवढं यश शीकला पुन्हा कधी मिळालं नाही.

आणि उथळ कसलं? त्या गाण्याच्या शब्दांत तीसच्या दशकातल्या महामंदीच्या काळातल्या गाण्यांचे पडसाद आहेत. खिशात काही नसताना 'चांगले दिवस आले' म्हणणाऱ्यांची ती गाणी. १९७९ मध्येही अमेरिकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. अल्बमचं कृष्णधवल मुखपृष्ठही त्याच जुन्या काळातलं वाटतं. 'माय फीट कीप डान्सिंग' या गाण्यात तर मधल्या जागी टॅप नर्तकांची, म्हणजे बुटांनी ताल वाजवत नाचणाऱ्यांची, पावलं वाजतात. त्यांतला एक फेयार्ड निकोलस, तीसच्या दशकापासून गाजलेल्या निकोलस बंधूंपैकी थोरला. बुटांच्या टाचांना त्यांनी अल्बममध्ये मानाचं पान दिलं. संथ गाणी मात्र मी फारशी ऐकत नाही.

एडवर्ड्स १९९६ च्या एप्रिलमध्ये टोकियोत गेला, अवघ्या ४३ व्या वर्षी, न्यूमोनियाने. आजारी असूनही तिथल्या बुडोकान सभागृहातला कार्यक्रम त्याने वाजवला होता, आणि त्यानंतर हॉटेलच्या खोलीत तो मृत सापडला, रॉजर्सलाच. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं. त्यातही 'गुड टाइम्स' आहे. ते लावलं की मीही तळहात खोक्यावर ठेवते.