अर्धंच ऐकू आलं की कथा सुचते

मी लिहून राहिलेली भुताची कथा अजून अडकूनच आहे. पण काल रात्री एक गोष्ट ध्यानात आली ती लिहून ठेवतो, नाहीतर धान विकायच्या गडबडीत विसरून जाईन.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं सुरू होतात. मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक पाहिजेच, वडशाच्या नाटक कंपन्या येतात आणि पहाटेपर्यंत चालतं. काल नाल्यापलीकडच्या गावात होतं. त्या वाटेवर वाघ दिसून राहिला म्हणून माय जाऊ देत नाही, तर मी आपला सपरीत, म्हणजे ओसरीत, गोधडी घेऊन पडलो आणि तिथूनच ऐकत होतो. ऐकत म्हणजे काय, एक शब्द कळत नव्हता. ऑर्गन यायचा, मग तबल्याचा बाया म्हणजे डग्गाच तेवढा घुमायचा, वारा फिरला की सगळंच गायब, आणि मग एकदम एका बाईचा आवाज, वर चढत चढत जाणारा, कोणाला तरी काहीतरी विचारून राहिली आणि समोरचा उत्तरच देत नाही असा. अंगावर काटा आला राजेहो. सकाळी नाटक पाहून आलेल्या शेजारच्या पोराला विचारलं तर तो हसायलाच लागला, म्हणे अगा तो कॉमेडी सीन होता, बायको नवऱ्याले दारूचे पैसे कोठून आणले म्हणून विचारत होती.

आता मला तो सीन समोर बसून पाहायला मिळाला असता तर मीही हसलो असतो आणि विषय संपला असता. भीती कुठून आली तर शब्द वाटेत गळाले तिथून. हे असं का होते तेही वाचलं, थंडीच्या स्वच्छ रात्री जमिनीजवळची हवा गार आणि वरची जरा गरम राहते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि दूरवर ऐकू येतो. पण बारीक, उंच आवाज हवेत आणि झाडाझुडपात आधी मरतात, जाड आवाज टिकतात. आपण बोलतो त्यातले स, त, च असले व्यंजनाचे आवाज उंचीकडचे, म्हणून ते जातात आणि उरतो फक्त सूर. माणूस काय म्हणते ते जाते, कसं म्हणते ते राहते. हॉरर लिहिणाऱ्याला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

यूट्यूबवर हॉरर म्युझिक म्हणून तासातासाचे व्हिडिओ पडलेले असतात ना, दार करकरते, बाई हसते, कुत्रं रडते, ते लावून मी कितीदा लिहायला बसलो, एक ओळ सुचत नाही. त्यांनी सगळं आधीच सांगून टाकलेलं असते, माझ्यासाठी काही ठेवलेलंच नसते. त्यापेक्षा संध्याकाळी मारवा राग लावावा. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गवई मुद्दाम षड्जावर, म्हणजे सावर, बसायचं टाळते. आपला कान सा कधी येतो म्हणून वाट पाहत राहते. भूतबित काही नाही त्यात, पण घरी कोणीतरी यायचं होतं आणि अजून आलं नाही असं वाटत राहते.

चित्राचंही तेच. रखमानिनॉव नावाचा रशियन संगीतकार होता, त्याने 1907 मध्ये पॅरिसला बोक्लिन या स्विस चित्रकाराच्या एका चित्राची छापील प्रत पाहिली. चित्राचं नाव ‘मृतांचं बेट’. काळं पाणी, एक होडी, होडीत पांढऱ्या कपड्यातलं कोणीतरी पाठमोरं उभं, समोर शवपेटी, आणि पुढे खडकाचं बेट ज्याच्या मधोमध उंच काळी झाडं. त्यावरून त्याने 1909 मध्ये त्याच नावाची ऑर्केस्ट्राची रचना पुरी केली. गंमत अशी की त्याने पाहिलेली प्रत ब्लॅक अँड व्हाइट होती. नंतर रंगातलं मूळ चित्र पाहिलं तेव्हा त्याला ते तेवढं काही भिडलं नाही, आणि आधी तेच पाहिलं असतं तर कदाचित हे लिहिलंच नसतं असं तो म्हणाला होता. मला तर हे वाचून त्याला मिठीच मारावीशी वाटली. इअरफोन लावून ऐकलं, सुरुवातीला पाच मात्रांचा ठेका आहे, झपताल माहीत असलेल्याला अर्धा झपताल वाटेल, दोन-तीन, दोन-तीन, मधेच उलटून तीन-दोन. वल्हं मारल्यासारखं, पण कधी सरळ बसत नाही. बोक्लिननं हे चित्र पाचदा काढलं 1880 ते 1886 मध्ये, पण त्या पांढऱ्या माणसाचं तोंड काही आपल्याकडे वळवलं नाही.

असं अर्धं राहिलेलं आपल्याकडेही आहेच की. चंद्रपूरला लालपेठला त्या अवाढव्य मूर्ती उघड्यावर पडून आहेत, देऊळ बांधायचं राहून गेलं, दहा तोंडाच्या देवीला लोक रावण म्हणतात. तिथे गेलो की मला देवापेक्षा ते न झालेलं देऊळच जास्त दिसते.

तर कथेचं. नाल्यापलीकडून रात्री नाटकाचा आवाज येते आणि त्या गावात नाटकच नसते, एवढीच आहे. शेवटी मी एक पान भरून ती बाई कोण, कधी मेली, कोणी मारली असं सगळं लिहिलं होतं, ते आज काढून टाकलं. बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणे, मंग भूत कुठं हाय? मी म्हटलं तेच तर, दाखवायचं नाही. तिला काही पटलं नाही, म्हणे रात्रभर जागवून शेवटी काही दाखवत नसशील तर आमच्याकडचे लोक खुर्च्या फेकतात. खरं आहे तेही. फेब्रुवारीपर्यंत नाटकं आहेत, अजून दोन-चार रात्री असंच लांबून ऐकून पाहतो, मग ठरवू ते पान परत घ्यायचं की नाही.