पाटीवरचा ‘ओ’

कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या गॅरेजात परवा दोन ट्रायम्फ टीआर-४ए, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही १९६५ ते ६७च्या काळातल्या. एक गिऱ्हाइकाची, लखलखीत, पण ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरू देणारा, गिअरबॉक्सच्या मागे बसणारा जास्तीचा गिअर) नसलेली. दुसरी भंगारातून उचललेली. तिची चासी मागे इतकी सडलेली की स्क्रू-ड्रायव्हर आरपार जायचा, पण पोटात लेकॉक डी नॉर्मनव्हिल बनावटीचा ए-टाइप ओव्हरड्राइव्ह ठणठणीत.

‘हिचा काढा, माझ्या गिअरबॉक्सच्या मागे लावा. चार नटांचं काम!’ गिऱ्हाइकानं फर्मावलं. नट खोलता येतात हो, पण साध्या गिअरबॉक्सचा मेनशाफ्टच, म्हणजे मुख्य दांडाच, वेगळा. ओव्हरड्राइव्हला लागणाऱ्या स्प्लाइन (दांड्यावरचे लांबट दाते) त्यावर नसतात, ओव्हरड्राइव्हचा तेलपंप चालवणारा कॅम (एका बाजूला फुगीर चकती) बसवायला जागा नसते. म्हणजे दोन्ही बॉक्स पूर्ण खोलणं आलं. भंगारवाले ओव्हरड्राइव्ह एकाला आणि मेनशाफ्ट दुसऱ्याला विकतात, त्यांना उलटं टांगलं पाहिजे.

टीआरचा बॉक्स गाडीखालून निघत नाही. सीट, गालिचा, मधला टनेल काढून तो आतूनच उचलावा लागतो. कंबरेचं काय होतं ते विचारू नका. खरी परीक्षा मात्र जोडताना. ओव्हरड्राइव्हच्या आत प्लॅनेट कॅरिअर (छोट्या गिअरांची चौकट) आणि एकाच दिशेनं फिरणारा रोलर क्लच, दोघांच्या स्प्लाइन डमी शाफ्ट घालून एका रेषेत आणायच्या. कॅमची उतरती बाजू पंपाच्या दट्ट्याकडे ठेवायची. मग बॉक्स उभा करून ओव्हरड्राइव्हवर अलगद खाली सोडायचा. शेवटची फट शंकूच्या आकाराच्या क्लचच्या स्प्रिंगांची असते, ती लांब स्टडांवर नट सारखे फिरवत मिटवायची. फट जास्त राहिली तर स्प्लाइन बसलेली नाही, पाना खाली ठेवायचा. आमच्याकडच्या पोरांना नेमकं हेच जमत नाही, जोर लावायची घाई. कोल्हापुरात उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींनी असल्या जोराबद्दल कान उपटले असते.

सोलेनॉइड (ओव्हरड्राइव्हचा लिव्हर ओढणारं विजेचं चुंबक) लावताना लिव्हरच्या आणि केसिंगच्या भोकातून ३/१६ इंची ड्रिल सरळ जायला हवं. नाहीतर ओढणारी कॉइल बंद होत नाही, १५-२० अँपिअर खात बसते आणि जळते.

रस्त्यावर चौथ्या गिअरात स्विच दाबला. टॅकोमीटरचा काटा जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं खाली आला. गिऱ्हाईक खूश. आणि मग त्यानं दुसरी मागणी काढली.

कारखान्यातून ओव्हरड्राइव्हसह निघालेल्या टीआरच्या कमिशन नंबराच्या, म्हणजे बॉनेटखालच्या पाटीवर ठोकलेल्या कारखान्याच्या क्रमांकाच्या, शेवटी ‘ओ’ असतो. भंगारातल्या गाडीच्या पाटीवर होता, त्याच्या गाडीवर नव्हता. ‘एवढा ठोकून द्या, तुमच्याकडे पंच असतीलच.’

मी नाही म्हणालो. बिलावर, फाइलमध्ये, हवं तिथं लिहून देतो म्हटलं, पाटीला हात लावणार नाही. मालक गप्प. गिऱ्हाईक जाणारं होतं, त्यांना दोष कसा द्यायचा! ‘ओव्हरड्राइव्ह गाडीत आहे ना? मग खोटं काय?’ गिऱ्हाइकानं विचारलं. अस्सल ओव्हरड्राइव्हच्या टीआरला जास्त भाव मिळतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे नीट देता आलं नाही. पाटी कारखान्यात काय घडलं ते सांगते, आज गाडीत काय आहे ते नव्हे, हे मला रात्री जेवताना सुचलं.

अक्षरांचे पंच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तेल बदलायला गाडी येईल, तेव्हा बॉनेट उघडून बघेनच.