फ्लॅटबेड ट्रेलरवर नवा ड्रायव्हर: चालवणं येतं, बांधणं शिकावं लागतं

बॉडीच्या गाडीवर हात बसलेला ड्रायव्हर फ्लॅटबेड ट्रेलरवर आला की पहिला महिनाभर त्याची दमछाक चालवताना होत नाही, माल बांधताना होते. बॉडीत सैल राहिलेला माल फार तर फळीला जाऊन टेकतो. इथे फळीच नाही. चाळीस फुटी सपाट पाटा, त्यावर वीस-पंचवीस टनांचं कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, आणि पुढे केबिनमध्ये तुम्ही. डोलवीचा पोलाद कारखाना, कळंबोलीचं स्टील मार्केट, तळोजा, खोपोली, न्हावा शेवा बंदर आणि तिथून चाकण, रांजणगाव, नाशिक, जालना या पट्ट्यात ट्रेलरवर लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बाकी ठिकाणी रस्ते बदलतील, लोखंडाचा स्वभाव तोच.

आधी कागदांचं. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी वय किमान २० आणि हाताशी हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत ५ वर्षांची झाली आणि आठवी पासची अटही त्याच वर्षी गेली. पण नुसत्या लायसन्सवर कुठली बरी कंपनी ट्रेलर हातात देत नाही. सुरुवातीच्या काही फेऱ्या उस्तादाबरोबर मारायच्या. तो चालवेल आणि तुम्ही साखळ्या ओढाल, हे गृहीत धरून जा. यात कमीपणा काही नाही, शिकायचं ते मागेच असतं.

घोडा, म्हणजे केबिन-इंजिनाची पुढची गाडी, आणि ट्रेलर जोडणं हा पहिला धडा. घोडा सरळ रेषेत मागे घ्यायचा. फिफ्थ व्हीलची, म्हणजे घोड्यावरच्या जोडणीच्या जबड्याची, प्लेट ट्रेलरच्या खालच्या प्लेटला घासत, तिला जरासं उचलत आत गेली पाहिजे. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालचा जोडणीचा खुंट, जबड्यात बसण्याऐवजी वरच्या वर बसतो. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं आणि पहिल्याच वळणावर किंवा खड्ड्यावर ट्रेलर सुटतो. म्हणून लॉक लागल्याचा आवाज आला एवढ्यावर विसंबायचं नाही. टॉर्च घेऊन वाकून बघायचं: दोन प्लेटींमध्ये फट नको आणि जबडा किंगपिनच्या मागून मिटलेला हवा. मग सेफ्टी पिन, हवेचे दोन्ही पाइप, लाइटची केबल. ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून लहान गिअरमध्ये घोड्याला पुढे एक हलका झटका द्यायचा. जोड धरून राहिला तरच लेग, म्हणजे ट्रेलरचे टेकायचे पाय, उचलायचे. हे रोजच्या रोज करणारे थोडे आहेत आणि यार्डात लेगवर पडलेले ट्रेलर त्यामुळेच दिसतात.

आता कॉइल. या धंद्यात माणसं मारणारा माल हाच.

२५ टनांच्या एचआर (हॉट रोल्ड) कॉइलवर चार बेल्ट वरून टाकले, रॅचेट (बेल्ट ताणायचा दांडा) करकचून आवळलं, झालं, असं नव्या माणसाला वाटतं. बेल्टवर ५ टन लिहिलेलंही असतं. पण तो आकडा बेल्ट किती ओढ सोसेल याचा आहे. हाताने रॅचेट मारून त्यात प्रत्यक्षात भरतो तो ताण साधारण ३०० ते ५०० किलोचा. वरून टाकलेला बेल्ट फक्त मालाला खाली दाबतो आणि त्या दाबातून जेवढं घर्षण वाढेल तेवढाच त्याचा उपयोग. हिशोब करून बघा. जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे येतो असं धरूनच बांधायचं असतं, म्हणजे २० टन. लोखंड आणि लाकूड यांच्यातलं घर्षण कोरड्यात ०.३ धरलं तर कॉइलच्या स्वतःच्या वजनाने साडेसात टन अडतात. उरले साडेबारा टन. बेल्टमध्ये ३५० किलो ताण असेल तर दोन्ही बाजू मिळून ७०० किलो दाब आणि त्यातून अडवणूक जेमतेम २१० किलोची. साडेबारा टनांना असे साठेक बेल्ट लागतील. तेल लागलेल्या मालाला आणखी.

म्हणून कॉइल अडवायचं ते खालून आणि बांधायचं ते बोअरमधून, म्हणजे कॉइलच्या मधल्या भोकातून. खालून म्हणजे सॅडल किंवा कॉइलचा खड्डा. खड्ड्याच्या दोन्ही उतरत्या बाजू साधारण ३५ अंशांच्या हव्यात आणि कॉइल त्या दोन बाजूंवरच टेकलेलं हवं, पोटाखाली निदान २० मिलिमीटर जागा मोकळी. पोट पाट्याला टेकलं की वजन बाजूंवर येतच नाही, मग सॅडल असून नसल्यासारखं. लाकडाच्या उट्या, म्हणजे पाचरी, वापरत असाल तर त्या चिरलेल्या नकोत आणि नुसत्या सारून ठेवलेल्या तर मुळीच नकोत, खालून मागे-पुढे सरकणार नाहीत अशा बंदिस्त हव्यात. मग बोअरमधून चेन. १० मिलिमीटरची ग्रेड ८० ची लॅशिंग चेन सरळ ओढीत ६.३ टन धरते, १३ मिलिमीटरची १० टन. चेनवर टॅग नसेल, कडी ताणून लांबली असेल किंवा मध्येच नट-बोल्ट घालून जोडली असेल, तर हे आकडे विसरायचे. दोन चेन पुढे, दोन मागे, शक्यतो तिरप्या, म्हणजे त्या कॉइलला दाबत न बसता सरळ ओढून धरतात. बोअरची कड सुरीसारखी असते, तिथे कॉर्नर गार्ड घातल्याशिवाय बेल्ट टाकणं म्हणजे तो कापायला देणं.

कॉइल कोणत्या तोंडाने ठेवलंय तेही पाहायचं. बोअर आडवा, म्हणजे रस्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला तोंड केलेला असेल तर कॉइल पुढे-मागे लोळणार, केबिनच्या दिशेनेही. बोअर गाडीच्या लांबीत असेल तर वळणावर बाजूला लोळणार. काहीही केलं तरी एक दिशा उरतेच, ती ओळखून त्या बाजूची अडवणूक भक्कम करायची. लोडिंग सुपरवायझर घाई करतो, मागे गाड्यांची रांग असते. तरीही गेटबाहेर गाडी तुम्ही नेणार आहात, तो नाही.

सळईची गंमत वेगळी. टीएमटी बार १२ मीटरचे आणि चाळीस फुटी पाटा १२.१९ मीटरचा, म्हणजे जेमतेम एकोणीस सेंटिमीटरची सवलत. त्यामुळे बंडलं पुढच्या हेडबोर्डला, म्हणजे पाट्याच्या पुढच्या टोकाच्या उभ्या भिंतीला, चिकटवूनच लावायची. वीतभर फट सोडली तर ब्रेक लागताच बंडल तेवढं अंतर वेग घेऊन हेडबोर्डवर आदळतं आणि नुसतं टेकलेलं असताना जो हेडबोर्ड तग धरतो, तो त्या दणक्याला धरत नाही. बंडलाच्या आतल्या सळया तर बाहेरचा बेल्ट कितीही आवळा, मधूनच निसटतात. माल मागे, बाजूला किंवा वर बाहेर निघालेला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) खाली २०,००० रुपये दंड आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होतं ते सांगायला नको.

पाइपांना दोन्ही बाजूंनी खुंट हवेत, आणि सगळ्यात वरचा थर खुंटांच्या वर जाता कामा नये. प्लेटांना तेल असतं, एकमेकींवरून त्या पत्त्यांसारख्या सरकतात. थरांमध्ये लाकडी पट्ट्या किंवा रबर मॅट घालायला सांगा.

बांधून निघालात की पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी बाजूला घ्या आणि प्रत्येक चेन, प्रत्येक बेल्ट हाताने तपासा. लाकूड दबतं, माल बसतो, बेल्ट ताणतो. पहिल्या थांब्यावर बेल्ट ढिला मिळणं अगदी नेहमीचं आहे. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी आणि घाट उतरायच्या आधी हमखास. चहाला थांबलात तर आधी गाडीभोवती फेरी, मग चहा.

पावसाळ्यात ताडपत्री हे स्वतंत्र काम आहे. गॅल्व्हनाइज्ड मालाला पाणी लागून आत राहिलं की पांढरा गंज चढतो आणि पार्टी अख्खं कॉइल नाकारते. ताडपत्री ओली असेल तर तिनेच माल भिजतो, त्यामुळे रिकामी गाडी असताना ती वाळवून घडी करायची सवय लावा. टोकदार कोपऱ्यांवर आधी गोणपाट किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा, मग ताडपत्री. पुढची कड मागच्या कडेच्या वर यायला हवी, नाहीतर वारा आत शिरून ती फुगते, फडफडते आणि कोपऱ्यावर फाटते. ओल्या मालावर चढून ताडपत्री ओढताना पाय घसरून पडणं हा या नोकरीतला नेहमीचा अपघात. जिथे प्लॅटफॉर्म किंवा शिडी असेल तिथेच हे काम उरका. आजकाल बऱ्याच ट्रेलरवर क्लीनर नसतो, त्यामुळे हे सगळं एकट्याने करावं लागेल ही तयारी ठेवा.

वजनाबद्दल थोडक्यात. २०१८ पासून १८ टायरच्या, म्हणजे दोन ॲक्सलचा घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर, गाडीला एकूण ४५.५ टन, आणि २२ टायरच्या गाडीला ५५ टन. यात गाडीचं स्वतःचं वजन आलं. वर गेलात तर २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. मात्र काट्यावर एकूण वजन बरोबर आलं म्हणजे सगळं बरोबर असं नाही. कॉइल फार पुढे घेतलं तर घोड्याच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो. फार मागे घेतलं तर घोडा हलका होतो, स्टेअरिंग उडतं, चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. आणि एकच जड कॉइल नेमकं मधोमध, खाली लांब बीम न देता ठेवलं तर पाट्याला कायमचा बाक येतो.

घाटात भरलेला ट्रेलर ब्रेकवर उतरवता येत नाही, गिअरवर उतरवावा लागतो. बोरघाट असो की कसारा, उतार सुरू व्हायच्या आधीच लहान गिअर टाकायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवायचा. वेग वाढला की दमदार ब्रेक मारून वेग खाली आणायचा आणि सोडायचा. पाय सतत टेकवून ठेवला तर ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात, आणि मग पेडल कितीही दाबा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे अजूनही भेटतात. न्यूट्रलमध्ये इंजिनची अडवणूक शून्य आणि एक्झॉस्ट ब्रेकही कुचकामी, पन्नास टनांचं सगळं ओझं ड्रमवर. वाचलेलं डिझेल किती, तर नगण्य. रोज सकाळी हवेच्या टाक्यांचं पाणी काढणं आणि ब्रेकची ॲडजस्टमेंट बघणं याला पाच मिनिटं लागतात.

रिकामा ट्रेलर सोपा वाटतो, तो तसा नाही. त्याचे ब्रेक भरल्या वजनाच्या हिशोबाने बनवलेले असतात. ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची मागची चाकं लगेच जाम होतात आणि ट्रेलर बाजूला फिरून घोड्याला येऊन मिळतो. रिकाम्यात अंतर जास्त ठेवा.

प्लांटच्या गेटवर हेल्मेट, सेफ्टी शूज, जाकीट हवंच, आणि आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी, लायसन्स यातलं एक जरी संपलेलं असेल तर गाडी परत. ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहतुकीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, अवजड-अवाढव्य मालाला दर २० किलोमीटरला एक दिवस. घाटात जॅम लागून मुदत संपत आली तर लगेच ऑफिसला फोन करा, कारण मुदत वाढवून घ्यायची खिडकी संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढीच. गाडी बंद पडून माल दुसऱ्या ट्रेलरवर घेतला तर बिलावरचा गाडी नंबर बदलल्याशिवाय हलू नका.

आता पैसे, ज्यावर भरतीच्या वेळी कोणी नीट बोलत नाही. पगार ठरलेला आहे की फेरीवर? भत्ता किलोमीटरवर की दिवसावर? यार्डात लोडिंगसाठी दोन दिवस उभं राहिलात तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, कोणाला मिळतं, मालकाला की तुम्हालाही? ताडपत्री आणि बांधणीचे वेगळे मिळतात का? डिझेलचं ॲव्हरेज कोणत्या मालावर, कोणत्या रूटवर धरलंय? भरलेला ट्रेलर लिटरला तीनच्या आसपास देतो, घाटात त्याहून कमी, आणि सपाट रस्त्याचं ॲव्हरेज घाटाच्या रूटला लावून फरक पगारातून कापणारे आहेत. डॅमेजचंही आधीच विचारा. कॉइलची कड लोडिंगलाच दबलेली असेल, पॅकिंग फाटलेलं असेल, तर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तसा शेरा मारून घ्या आणि तारीख-वेळ दिसेल असे चारही बाजूंचे फोटो गेटच्या आत असतानाच काढा. शेरा नसलेल्या बिल्टीवर सही झाली की पुढे खाली करताना सापडलेला प्रत्येक ओरखडा तुमच्या खात्यात लिहिला जातो.