कोल्टच्या रंगाची पाच दिवसांची उलटतपासणी

खोका उघडला आणि मी आधी रंग पाहिला. तिथेच माझं चुकलं.

कोल्टची सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, म्हणजे कोल्ट कंपनीचं जुनं रिव्हॉल्व्हर, साडेसात इंची नळी, ४४-४० कॅलिबर (गोळीचं माप), अंदाजे १८८४ सालची. लिलावाच्या यादीत लिहिलं होतं, ‘फ्रेमवर साठ टक्के मूळ केस कलर’. फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा मधला सांगाडा, आणि केस कलर म्हणजे तो भट्टीत तापवून कडक करताना त्यावर उमटलेले रंग. त्या एका ओळीच्या जोरावर मी ६,२०० डॉलर मोजले होते. खरं तर साठ टक्के मूळ रंगाची त्या काळातली कोल्ट एवढ्यात मिळतच नाही, पण बोली आपल्या नावावर लागली की माणूस आपल्या नशिबावर विश्वास ठेवायला लागतो. एक अट मात्र बरी होती : माल हातात पडल्यापासून पाच दिवसांत वर्णन चुकीचं असल्याचं दाखवलं तर पैसे परत.

१८९८ किंवा त्याआधी बनलेलं असं शस्त्र अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘अँटिक’ धरलं जातं. त्यामुळे ते परवानाधारक विक्रेत्यामार्फत न येता थेट घरी आलं. राज्याराज्याचे नियम वेगळे असतात, ते मी बोली लावण्याआधीच पाहिले होते. रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर गोळ्या भरायचं गेट उघडून, हॅमर (घोडा) अर्धा मागे ओढून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, आणि मग खिडकीशी जाऊन बसलो.

उन्हात फ्रेम काय दिसत होती म्हणून सांगू! निळा, राखाडी, मधेच तपकिरी, कडेला वाळल्या गवतासारखा पिवळा. मी आमच्या म्हातारबुवांना फोन लावला. मला या छंदात ओढणारे तेच. चाळीस वर्षं कोल्ट गोळा करतायत आणि फोनवर चार वाक्यांवर बोलत नाहीत.

“रंग छान आहे,” मी म्हणालो.

“रंग शेवटी बघ. आधी स्क्रू, मग अक्षरं, मग कडा. आणि कानस लावू नकोस.”

कानसेचा टोमणा माझ्या धंद्यावर होता. मी पोटासाठी हीट ट्रीटमेंट करतो. गिअर आणि शाफ्ट भट्टीत घालायचे, वरच्या थरात कार्बन मुरवायचा आणि मग लोहार म्हणतो तसं पाणी द्यायचं. वरचा थर कडक झाला की नाही हे बघायला कानस फिरवायची, ती निसटली की काम झालं. म्हातारबुवांनी मला एकदा एका संग्राहकाच्या घरी खिशातून छोटी कानस काढताना पाहिलं होतं. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

गंमत म्हणजे आमच्या कारखान्यात भागावर रंग आला तर तो डाग समजून घासून काढतात, आणि इथे त्याच रंगासाठी लोक घर गहाण टाकतील. प्रक्रिया मुळात एकच. कोल्टची फ्रेम आणि हॅमर कमी कार्बनच्या मऊ धातूचे असत. ते हाडांचा कोळसा आणि लाकडी कोळसा यांच्या भुकटीत, लोखंडी डब्यात बंद करून ७००-८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचे. काही तासांनी डब्यातलं सगळं हवेचे बुडबुडे सोडलेल्या पाण्यात ओतायचं. कडकपणा हा उद्देश. रंग म्हणजे त्या क्षणी पृष्ठभागावर बसलेली अतिपातळ पापुद्री, वर फुकट मिळालेली. भाग भुकटीत कसा रचला होता, पाण्यात कुठल्या बाजूने पडला, यावर नक्षी ठरते, म्हणून दोन फ्रेम सारख्या नसतात. ही पापुद्री उन्हाने विटते, घामाने जाते, हाताच्या घर्षणाने तर नक्कीच जाते. नळी, सिलिंडर, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कमान) आणि बॅकस्ट्रॅप (मुठीमागची पट्टी) यांना मात्र वेगळं ब्लूइंग, म्हणजे गडद निळी झाक, असे.

तर आधी स्क्रू. दोन स्क्रूंच्या खाचा थोड्या फाटलेल्या, बाकीचे ठीक. डाव्या बाजूच्या एका स्क्रूच्या भोकाभोवती धातू किंचित बशीसारखा खोलगट वाटला. पॉलिशच्या चाकावर फ्रेम धरली की मऊ कापड भोकाच्या कडेत घुसतं आणि कड खाली बसते. हे मला माहीत होतं. तरी मी ते सोडून दिलं. दीडशे वर्षांच्या वस्तूत एखादी बशी असायचीच, अशी मनाची समजूत घातली.

अक्षरांपाशी अडखळलो. फ्रेमच्या डाव्या बाजूला पेटंटच्या तारखा ठोकलेल्या असतात : १९ सप्टेंबर १८७१, २ जुलै १८७२, १९ जानेवारी १८७५. माझ्या फ्रेमवर मधल्या ओळीतली काही अक्षरं पुसट होती, जणू साबणाच्या वडीवरचं नाव. वापराने झिजली असतील म्हटलं. रात्री झोपता झोपता डोक्यात आलं, अक्षरं झिजेपर्यंत धातू गेला, तर त्याच्यावरचा केसाहूनही पातळ रंग कसा टिकला? अक्षरांच्या आत, काठावर आणि भोवती रंग सारखाच होता. मी उठून दिवा लावून पुन्हा पाहिलं. सारखाच होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून हार्टफर्डला गेलो. मी कनेक्टिकटमध्येच राहतो, तासाभराचा रस्ता. महामार्गावरून कोल्टच्या जुन्या कारखान्याचा तो निळा, सोनेरी चांदण्यांचा घुमट दिसला की मला अजून हसू येतं. रिव्हॉल्व्हरच्या कारखान्यावर असला रशियन थाटाचा घुमट! म्युझियम ऑफ कनेक्टिकट हिस्टरीमध्ये कोल्टचा मोठा संग्रह आहे. काचेला नाक लावून तासभर उभा राहिलो. तिथले रंग माझ्यापेक्षा शांत होते. पावसाआधीच्या आभाळात जसा निळा राखाडीत विरघळतो तसे. माझी फ्रेम त्यापुढे जरा बोलकी वाटली.

पण यावर निकाल देता येत नाही. सायनाइडच्या क्षारात केलेले रंग बरेचदा वाघाच्या पट्ट्यांसारखे येतात, ते ओळखू येतात. गॅसच्या ज्योतीने नुसते वरवर काढलेले रंगही ओळखता येतात. अडचण आहे ती हाडांच्या कोळशातच पुन्हा शिजवलेल्या फ्रेमची. कृती तीच, भुकटी तीच, मग रंगही जवळपास तोच येणार. तिथे रंगाकडे बघून काय कळणार? म्हातारबुवांच्या ‘शेवटी बघ’चा अर्थ मला त्या काचेसमोर उमगला.

तिसऱ्या दिवशी स्क्रू खोलायचं ठरवलं. खाचेत घट्ट बसेल असा स्क्रूड्रायव्हर नसेल तर हे काम करूच नये. मी एक पातं मुद्दाम घासून खाचेच्या मापाचं केलं. प्रथम नळीखालची इजेक्टरची (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीची) बारीक नळी काढली, तिला एकच स्क्रू. खाली काय दिसलं! नळी बाहेरून जांभळट तपकिरी झालेली, पण इजेक्टरने झाकलेली पट्टी गडद निळी, ओल्या शाईसारखी. घड्याळ काढल्यावर मनगटावर जसा फिकट पट्टा दिसतो, तसा इथे उलटा, गडद पट्टा. त्याची सीमा इतकी स्वच्छ होती की बोट फिरवलं तर लागेल असं वाटलं. नळीच्या डाव्या बाजूला ‘कोल्ट फ्रंटियर सिक्स शूटर’ ही आम्लाने कोरलेली अक्षरं तिरप्या उजेडात वाचता येत होती. साधारण १८८९ पर्यंत ती अशी आम्लाने कोरत, पुढे ठशाने उमटवू लागले. हे कोरीव इतकं उथळ असतं की पॉलिशच्या चाकाचे चार फेरे पडले तर ते जातंच. म्हणजे नळी नक्की मूळची.

मग ट्रिगर गार्ड. तीन स्क्रू, आणि स्प्रिंगवर अंगठा ठेवून सावकाश. फ्रेमचा झाकलेला तळ उघडा झाला आणि त्यावर रंग होता. मी खुर्चीत मागे टेकलो. ज्योतीने बाहेरून रंगवलेल्या फ्रेमचा तळ असा नसतो. फ्रेम सबंध भट्टीत गेली होती एवढं पक्कं. अर्धा तास मी जगातला सुखी माणूस होतो. चहासुद्धा केला.

कप ठेवून परत बसलो तेव्हा तो मनगटावरचा पट्टा आठवला. नळीवर सीमा होती. मग फ्रेमवर ती कुठे होती? गार्डची कड जिथे फ्रेमला टेकते ती रेघ मी भिंगाखाली शोधली. आत आणि बाहेर रंग एकाच ताकदीचा. बाहेरचा विटलेला, ते समजू शकतो. पण आतला? जिथे ऊन गेलं नाही, हात लागला नाही, तिथला रंगही तेवढाच विटलेला होता. गेट उघडून त्याच्यामागची खाच पाहिली, तिथेही तेच. आणि फ्रेमच्या वरच्या पट्टीच्या धारा, ज्या सगळ्यात आधी पांढऱ्या पडायला हव्यात, तिथे रंग शाबूत. सपाट बाजू मात्र फिकी. फ्रेम सुटी असताना कुणीतरी सगळीकडून एकसारखा रंग उतरवला होता. ‘साठ टक्के’ आले ते असे.

चौथ्या दिवशी फक्त पुरावा गोळा करायचा होता. रिकॉइल शील्डच्या, म्हणजे सिलिंडरमागच्या फ्रेमच्या भिंतीच्या, खाली उजवीकडे गंजाचे पाच-सहा खड्डे होते, खसखशीच्या दाण्याएवढे. दहापटीचं भिंग, बाजूने टॉर्च, आणि श्वास रोखून बघत बसलो. खड्ड्याचा काठ किंचित गोलावलेला, आणि तळाशी निळा रंग. गंज धातू खातो तेव्हा पहिला घास रंगाचाच घेतो. खड्ड्याचा तळ काळपट किंवा तपकिरी असायला हवा. तो निळा असेल तर खड्डा आधी पडला आणि रंग नंतर चढला. त्या एका खड्ड्याचे मी अकरा फोटो काढले, त्यातले नऊ हलले.

अनुक्रमांकही लावून पाहिले. फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि बॅकस्ट्रॅप तिन्हीवर एकच नंबर होता, ते चांगलंच. पण गार्डवरचे आकडे धारदार, ठोकताना कडेला उठलेला धातू अजून जाणवेल असे, आणि फ्रेमवरचे तेच आकडे बसके. हॅमरच्या दोन्ही बाजू चांदीसारख्या राखाडी, मानेच्या वळणात तेवढा रंगाचा एक धूसर ठिपका. हॅमर खरा होता, नळीच्या वयाचा होता. सगळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये तरुण दिसत होती ती एकटी फ्रेम.

म्हातारबुवांना फोटो पाठवले. उत्तर आलं, “खड्डा पुरे आहे.”

पाचव्या दिवशी सकाळी लिलाववाल्यांना लिहिलं. वर्णन लिहिणाऱ्या गृहस्थांचं पहिलं म्हणणं, फिनिशबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात. मी खड्ड्याचा फोटो पाठवला. दोन तास शांतता. मग, माल परत पाठवा. पैसे बाराव्या दिवशी आले, कुरिअरचा खर्च सोडून. वाद घातला नाही, मुदतीत दाद मिळाली हेच पुष्कळ.

पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात मी कोल्टच्या अभिलेखागाराकडे त्या नंबरच्या पत्रासाठी शुल्क भरून ठेवलं होतं. कारखान्याच्या पाठवणीच्या वह्यांमधून ते नोंद काढून देतात. रिव्हॉल्व्हर परत गेल्यावर दोन महिन्यांनी पत्र आलं. कॅलिबर ४४-४०, नळी साडेसात इंच, फिनिश ‘ब्लू’, ग्रिपची नोंद नाही, १८८४ मध्ये सेंट लुईसच्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याकडे रवाना. या नोंदींत ‘ब्लू’ म्हटलं की केस कलरची फ्रेम त्यात आलीच, ती वेगळी लिहीत नसत. पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं, फक्त ते कारखान्याच्या दारापर्यंतचं. दारानंतर फ्रेमचं काय झालं हे ते सांगत नाही.

हिवाळ्यात तोच नंबर दुसऱ्या एका यादीत दिसला. वर्णनाची ओळ जवळपास तीच, ‘फ्रेमवर साठ टक्के केस कलर’. ‘मूळ’ हा शब्द तेवढा गळलेला होता. सुरुवातीची बोली अडीच हजार. नळीखालची ती ओल्या शाईची पट्टी काही माझ्या डोक्यातून गेली नव्हती. मी २,६०० ची बोली टाकून ठेवली. पत्र तर माझ्याकडे आहेच.